सिकलसेल व जातीचा नवा पुरावा



आपल्या वर्धा जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या विदर्भात, सिकलसेल हा शब्द आता कोणास समजावून सांगावा लागत नाही. रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याचे हाडन्‌हाड दुखते. हा दोष पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि गोंडादि आदिवासींत अधिक आढळतो, ही गोष्ट खरी आहे. ती लपविण्याचे कारण नाही. परंतु या सत्याच्या आधाराने दोन असत्ये उभी केली जातात, त्यांचा समाचार घेणे अवश्य आहे.

पहिले असत्य असे, की हा ‘त्यांच्या रक्ताचाच’ रोग होय. म्हणजे जात रक्तात असते हे विज्ञानानेच सिद्ध केले! मनूच्या आधारे ज्यांनी आम्हांस अपवित्र ठरविले, त्यांच्या वारसांस आता सूक्ष्मदर्शकाचा आधार हवा आहे. तर मग विज्ञान काय म्हणते तेच पाहू. १९५४ साली अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दाखविले, की ज्यास आईकडून किंवा बापाकडून हे सदोष जनुक एकेरी मिळते, त्याचे प्राणघातक हिवतापापासून बरेच रक्षण होते. म्हणून जेथे हिवताप माजला तेथे हे जनुक टिकले. ते आफ्रिकेत टिकले, तसेच सिसिलीत व ग्रीसमध्येही टिकले. विदर्भात आढळणारा त्याचा प्रकार अरबस्तानच्या पूर्व भागातील लोकांतही सापडतो. त्या अरबांस कोणी गावकुसाबाहेर ठेवले होते काय? १९५७ साली इंग्रॅमने या दोषाचे मूळ उकलले. हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, एवढाच तो फरक. त्यात शूद्र कोठे आहे आणि ब्राह्मण कोठे आहे, हे दाखविणारा अद्याप जन्मास यावयाचा आहे.

मग काही जातींतच प्रमाण अधिक का, असा प्रश्न कोणी करील. हिवताप हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेल्या अर्ध्याची किल्ली बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथे वाचलेल्या निबंधात आहे : जातीचे सार म्हणजे जातीतच विवाह. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने त्यास पुष्टीच दिली. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोक एकमेकांत भरपूर मिसळले होते. पुढे ते मिसळणे बहुतांशी थांबले. हा बांध माणसाने घातला, आणि त्यात कोंडलेले जनुक पाहून ‘जात नैसर्गिक आहे’ म्हणणे म्हणजे कैद्याच्या पायावरील बेडीचा वळ पाहून तो जन्मतः बेडीसाठीच घडला होता असे म्हणणे होय.

दुसरे असत्य आपल्याच घरांत नांदते, म्हणून ते अधिक बोचते. आजारी लेकराच्या आईस ‘गेल्या जन्मीचे पाप’ ऐकविणारे दीक्षा घेतलेल्या घरांतही आहेत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त साफ नाकारला आहे. वंदना पाठ, आणि विचार मात्र भटजीचा, हे किती दिवस चालणार? दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. हे गणित आहे. त्यात पाप-पुण्य नाही. एक वाहक व दुसरा निर्दोष असेल, तर अपत्यास हा रोग होत नाही. असे असता ‘एएस’ मुलीचे स्थळ परत जाते, आणि मुलाची तपासणी मागितली तर तो अपमान ठरतो!

शासनाने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि हाती कार्ड, अशी ही योजना. तपासणी सर्वांनी करून घ्यावीच. परंतु एचआयव्हीबाधितांची माहिती त्यांच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली, तशीच निःसंदिग्ध मनाई या कार्डाबाबतही आपण मागितली पाहिजे. रक्त तपासावयास शासन दारी येते. हक्काची वेळ आली की कलमे आखडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात घेतले, आणि ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यास उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांचा हक्क दिला. त्याच कायद्याच्या कलम ३४ मधील नोकऱ्यांच्या ४ टक्क्यांत मात्र रक्तविकारांचे नाव नाही. पदवीपर्यंत दिव्यांग आणि पदवीनंतर धडधाकट, असा हा कायदा आहे. त्याच्या दुरुस्तीसाठी आर्वी, हिंगणघाट, देवळी, प्रत्येक तालुक्यातून अर्ज गेले पाहिजेत.