गुंजभर सोनं आणि बंद खोली

मंडळी, सोनं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सराफ्यातली दुकानं, आजीची मोहनमाळ आणि रोज चढणारा भाव येतो. पण या धातूची खरी ख्याती म्हणजे तो काहीच करत नाही! गंजत नाही, हवेने काळा पडत नाही, पणजीच्या पाटल्या पणतीच्या हातात जशाच्या तशा येतात. अशा आळशी धातूला शास्त्रज्ञांनी कामाला कसं लावलं, त्याची ही गोष्ट. तिचा आपल्या ग्वाल्हेरच्या थंडीशीही संबंध आहे.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे धुकं उतरतं, पारा चार-पाच अंशांपर्यंत घसरतो आणि घरोघरी सिगडी पेटते. दरवर्षी उत्तर भारतात कुठून ना कुठून बातमी येते, की खोली बंद करून, सिगडी जवळ ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं.

खरं तर या वायूला ऑक्सिजनचा आणखी एक अणू मिळाला, की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हा धोका टळतो. ऑक्सिजन खोलीतच असतो, पण साध्या तापमानाला दोघांचं जुळत नाही. त्यासाठी मध्यस्थ लागतो, म्हणजे उत्प्रेरक. लग्न जुळवून देऊन पुढच्या स्थळाकडे निघणाऱ्या मध्यस्थासारखा तो स्वतः खर्च होत नाही.

१९८७ साली जपानमध्ये ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेतले मासाताके हारुता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या ऑक्साइडवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवले, तर ते हे काम उणे ७० अंश सेल्सिअसलाही करतात. रसायनशास्त्रज्ञांना हा धक्काच होता. विषारी वायूच्या मुखवट्यातला साधा सक्रिय कोळसा कार्बन मोनॉक्साइडला अडवू शकत नाही. त्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तांबं आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचं मिश्रण वापरतात, पण दमट हवेत ते लवकर निकामी होतं. सोन्याच्या उत्प्रेरकाला मात्र थोडा ओलावा उलट मदतच करतो. आपल्या गावातल्या डीआरडीईमुळे रासायनिक हल्ल्यापासून संरक्षण हा विषय ग्वाल्हेरकरांना नवा नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता थोडा हिशोब करू. एका तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. एवढ्या सोन्याची गोळी ज्वारीच्या बारीक दाण्याएवढी होईल. तेच सोनं तीन नॅनोमीटरच्या कणांमध्ये विभागलं, तर त्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग मिळून सुमारे १२ चौरस मीटर भरतो. म्हणजे एका छोट्या खोलीची फरशी! अशा एका कणात जेमतेम आठशे अणू असतात आणि त्यांतले बरेचसे बाहेरच्या बाजूला. सोन्याच्या गाभ्यातल्या अणूला १२ शेजारी असतात, सपाट पृष्ठभागावरच्या अणूला ९ आणि कोपऱ्यावरच्याला त्याहूनही कमी. ज्याचे शेजारी कमी, त्याचा हात मोकळा. तोच पाहुण्याला धरतो.

पण नुसतं बारीक करून भागत नाही. सोनं कशावर बसलंय, हेही तितकंच महत्त्वाचं. खालचं ऑक्साइड कणांना जागेवर धरून ठेवतं, नाहीतर उष्णतेने ते सरकून एकमेकांत मिसळतात आणि मोठे होऊन पुन्हा आळशी बनतात. शिवाय बऱ्याच अभिक्रिया सोनं आणि ऑक्साइड जिथे भेटतात, त्या काठावरच घडतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘इंटरफेस’ म्हणतो ना, तसंच काहीसं. दोन चांगले प्रोग्रॅम असूनही इंटरफेस बिघडला की सगळं ठप्प.

याचं एक सुंदर उदाहरण आहे. ब्रिटनमधलं कार्डिफ आणि अमेरिकेतलं लीहाय या विद्यापीठांतल्या संशोधकांनी लोह-ऑक्साइडवरच्या सोन्याचे दोन नमुने तपासले. फरक फक्त वाळवण्याच्या पद्धतीत होता. एक उत्तम काम करत होता, दुसरा जवळजवळ मेलेला. शक्तिशाली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कारण सापडलं. चांगल्या नमुन्यात सुमारे अर्ध्या नॅनोमीटरचे, फक्त दहाएक अणूंचे, दोन थरांचे पुंजके होते. हे २००८ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. पुढे २०१६ मध्ये दिसलं, की त्याहून थोडे मोठे कणही कमी-अधिक वाटा उचलतात. सोनं तेवढंच, रचना वेगळी, म्हणून परिणाम वेगळा.

आपल्या माणसांचाही यात हात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. व्ही. आर. चौधरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ऑक्साइडवर सोनं बसवून बेन्झिल अल्कोहोलपासून बेन्झाल्डिहाइड बनवून पाहिलं. कडू बदामाचा वास येणारं हे रसायन सुगंध आणि स्वादाच्या धंद्यात लागतं. नेहमीच्या पद्धतीत त्यात क्लोरीनचा अंश राहण्याची भीती असते. इथे क्लोरीन नाही, वेगळा द्रावकही नाही, फक्त ऑक्सिजन. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि इंदूर तर आपल्या राज्यातलंच! तिथल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे १७२ मीटर घेराचं यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवतात. ते नमुन्यावर टाकून एखाद्या धातूच्या अणूला सरासरी किती शेजारी आहेत आणि ते किती अंतरावर आहेत, हे मोजता येतं. बीएस्सी, बीई करणाऱ्या मुलामुलींनो, अशा कामासाठी परदेशीच जायला हवं असं नाही. रात्रीची गाडी पकडून इंदूरला पोहोचता येतं.

सोन्याचा उत्प्रेरक अजून आपल्या घरच्या भिंतीवर आलेला नाही. जपानमध्ये शौचालयातला दुर्गंध घालवणाऱ्या उपकरणांत तो वापरला गेला, पण सिगडीच्या खोलीचं रक्षण सध्या आपल्यालाच करायचं आहे. झोपण्यापूर्वी सिगडी बाहेर नेऊन ठेवा. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल, तर हवा खेळती ठेवा आणि शक्यतो तो बाहेर बसवून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म मिळतो. धूर ओळखणारा साधा अलार्म इथे चालत नाही. आणि बंद खोलीत दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली, तर ‘थंडी बाधली’ म्हणत पांघरूण ओढू नका. सगळ्यांना घेऊन आधी बाहेर या आणि लगेच डॉक्टर गाठा. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांना हे आज रात्रीच सांगा.