जुना कोच आणि त्याचा खरा धनी

गेल्या वैशाखात आम्ही सहकुटुंब तोरणमाळास गेलो होतो. शहाद्याहून म्हसावद मागे टाकून मोटार सातपुड्याचा घाट चढू लागली, की खानदेशचा उन्हाळा हळूहळू खाली राहतो. माथ्यावरील यशवंत तलाव, गोरक्षनाथाचे देऊळ आणि सीताखाईची खोल दरी यांची वर्णने आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. ती येथे पुन्हा करीत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते वाटेवरील सावरीच्या कापसाविषयी, आणि त्यावरून आमच्या घरात उपस्थित झालेल्या एका तंट्याविषयी.

त्या दिवसांत सावरीची बोंडे उकलतात आणि रेशमासारखा पांढरा कापूस वाऱ्यावर तरंगू लागतो. वाटेत एका पावरा बाईने तो गोळा करून ठेविला होता. आमच्या आत्याबाईंनी त्याची दोन गाठोडी विकत घेतली. "एवढा कापूस कशाला, आत्याबाई?" असे आमच्या वडील बंधूंनी विचारताच त्या म्हणाल्या, "दिवाणखान्यातल्या कोचात भरायला." मोटारीत एकाएकी शांतता पसरली, कारण तो कोच विकून टाकावयाचा, असे बंधूंनी आदल्याच आठवड्यात ठरविले होते, आणि ते आत्याबाईंस कोणी सांगितले नव्हते.

हा कोच खोल बटणांचा आहे. आपल्या वाड्यांतून पूर्वी बैठक म्हणजे गादी, लोड आणि तक्के. एकोणिसाव्या शतकात मुंबईत मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर मार्गावर, शिसवी लाकडाचे कोरीव सामान होऊ लागले, आणि पारशी गृहस्थांच्या व अंमलदारांच्या बंगल्यांतून ही उंच बैठक हळूहळू आमच्याही ओसऱ्या चढून आत आली. युरोपात त्याच शतकात कोचाच्या पोटात लोखंडी स्प्रिंगा घालण्याचा प्रघात पडला. स्प्रिंगांवर भरण जाड घालावे लागते, आणि उभ्या पाठीवरचे जाड भरण घसरून खाली गोळा होते. ते जागच्या जागी राहावे म्हणून दोऱ्याने आत ओढून घेतलेली बटणे आली. पाहणारास ती शोभेची वाटतात. वास्तविक ती खुंट्यांचे काम करितात.

आमच्या आजोबांनी धुळ्यास वकिली करीत असता हा कोच मुंबईतील एका लिलावात घेतला. त्यावर पक्षकार बसले, व्याही बसले, मुली पाहावयास आलेली मंडळी बसली. घरातील स्त्रिया मात्र कधी बसल्या नाहीत. आत्याबाई विसाव्या वर्षी माहेरी परत आल्या त्या कायमच्याच. आज त्यांस चौऱ्याऐंशीवे वर्ष चालू आहे. "मी त्यावर बसले नाही, पण रोज पुसला," असे त्या त्या रात्री तोरणमाळच्या मुक्कामी म्हणाल्या. काडीस मऊ फडके गुंडाळून प्रत्येक बटणाच्या खळग्यातील धूळ काढणे हे त्यांचे साठ वर्षांचे काम होते. यावर बंधूंस उत्तर सुचेना.

त्यांची बाजूही खोटी नव्हती, हे आम्ही कबूल करतो. पावसाळ्यात कोचास कुबट वास येई, बसले की एक स्प्रिंग टोचे, आणि दुरुस्तीच्या खर्चात नवा फोमचा कोच घरी येत होता. अखेर असे ठरले, की जाणत्या माणसाकडून तो उघडवून पाहावा आणि मग काय तो निर्णय करावा.

गादीकाम करणारे एक वृद्ध कारागीर घरी आले. त्यांनी कापडाकडे ढुंकूनही पाहिले नाही. प्रथम कोच उलथा केला आणि सांगाड्याचे सांधे ठोकून पाहिले. सांगाडा सागाचा, सांधे घट्ट. मागचा एक पाय तेवढा भुंगेऱ्याने पोखरलेला. "घर उभं आहे, गिलावा पडलाय," एवढेच ते म्हणाले. पुढे एकेक थर उकलला. कापडाखाली कापूस, त्याखाली घोड्याचे केस, मग काथ्या, मग किंतान, त्याखाली सुतळीने परस्परांस बांधलेल्या स्प्रिंगा, आणि सर्वांच्या तळाशी आडव्या-उभ्या विणलेल्या तागाच्या पट्ट्या. मध्यंतरी एका दुरुस्तीत कोणी बैठकीत फोमची लादी दडपली होती. तिचा पिवळा भुगा झाला होता. कुबट वास आणि खड्डा बव्हंशी तिचाच होता. केस मात्र धुऊन, उन्हात वाळवून आणि पिंजून पुन्हा भरण्याजोगे निघाले.

आत्याबाईंनी आपली गाठोडी पुढे केली. कारागिरांनी कापूस चिमटीत धरून पाहिला आणि आदराने परत केला. सावरीचा तंतू आखूड, पोकळ आणि गुळगुळीत असतो. म्हणून त्याचे सूत निघत नाही आणि एक तंतू दुसऱ्यास धरून राहत नाही. उशीस तो उत्तम. पण माणसाच्या भाराखाली चेपतो आणि कडेस सरकतो. घोड्याचा केस कुरळा, चिवट आणि उसळी घेणारा, म्हणून बैठकीस तोच योग्य. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. गाठोडी घेऊन आत गेल्या.

पुढील काम आम्ही रोज पाहिले, आणि ज्यांच्या घरी असा कोच असेल त्यांच्या उपयोगाचे तेवढे येथे नमूद करतो. पट्ट्या नव्या घालाव्या, आणि त्या ताणून ठोकाव्या. त्या सैल राहिल्या की वरचे सारे काम व्यर्थ होते. प्रत्येक स्प्रिंग पट्ट्यांस शिवून घ्यावी आणि वरून चारी बाजूंनी व तिरपीही बांधावी, म्हणजे ती कलंडत नाही. बटणांच्या जागा आधी किंतानावर मापून खुणाव्या. कापडावर अंदाजाने खुणा करू नयेत. खळग्यांत कापड जाते, म्हणून सपाट पाठीस लागेल त्याच्या सव्वा ते दीडपट कापड धरावे. दोन्ही टोकांस अणकुचीदार अशा लांब सुईने दोरा आरपार नेऊन मागे सरकगाठ मारतात, आणि गाठीखाली कापडाचा तुकडा ठेवितात, नाहीतर दोरा किंतान कापून बाहेर येतो. दोन बटणांमधील चुण्यांचे तोंड खाली असावे, म्हणजे धूळ बसत नाही. चार दिवसांनी भरण बसले, की गाठी पुन्हा ओढून मगच पक्क्या कराव्या. घाईचा कारागीर येथेच चुकतो, आणि घाई बहुधा मालकाची असते.

लाकडास लाखेचे पॉलिश द्यावे. जुना रंग खरवडून सांगाडा नवा दिसावा असा हट्ट धरू नये. कोच भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा आणि आश्विनाची उघडीप होताच त्यास दोन दिवस वारा द्यावा. सांगाडाच कुजला असेल तर मात्र केवळ ममतेपोटी पैसा घालू नये. त्या वेळी बंधूंचेच म्हणणे खरे ठरेल.

खर्च नव्या कोचाहून थोडा अधिकच आला, तो आम्ही सर्व भावांनी वाटून घेतला. कोच दिवाणखान्यात परत आला त्या दिवशी प्रथम कोणी बसावे, हा प्रश्न निघाला. बंधू स्वतः आत जाऊन आत्याबाईंस घेऊन आले. त्या नको नको म्हणत होत्या, शेवटी बसल्या. आम्ही सारे उभे होतो. क्षणभराने त्या म्हणाल्या, "अरे, पाय लोंबकळतात!"

सर्वांस हसू लोटले. थोरल्या वहिनींस मात्र डोळे पुसावे लागले. कोच बेतला होता तो उंच पुरुषांच्या पायांच्या मापाने, हे इतक्या वर्षांत आम्हांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. वस्तू जपणे म्हणजे ती होती तशीच ठेवणे, अशी आमची समजूत होती. कोणासाठी जपावयाची, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी जाड खादीची एक चौकोनी गिरदी शिवली आणि ती दोन्ही गाठोडी तीत रिकामी केली. तोरणमाळचा तो कापूस आता कोचापुढे आत्याबाईंच्या पायांखाली असतो. बटणांची धूळ हल्ली घरातील मुले पाळीपाळीने काढतात; आणि काडीला फडके सैल गुंडाळले, तर कोचावर बसल्या जागेवरून त्यांची चूक दाखविली जाते.