रंग भरा, शहाणे व्हा!

मोठ्या माणसांनी पोरांसारखे हसावे, रुसावे, फटाक्याची वातही लावावी. माझी हरकत नाही. परंतु मिशी पिकलेल्या गृहस्थाने रेषेबाहेर जाऊ नये म्हणून जीभ दातांत धरून छापील बॅटमनच्या डगल्यात पेन्सिल घासावी आणि त्याला ‘मनःशांती’ म्हणावे, याचा मला चांगला राग येतो.

वाडीतल्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, गेल्या पावसाळ्यात असे एक पुस्तक अवतरले. हे खूळ फार जुने नाही. २०१३ साली जोहाना बॅसफोर्ड या स्कॉटिश चित्रकर्तीच्या ‘सीक्रेट गार्डन’ने जगभरच्या प्रौढांच्या हाती रंगीत पेन्सिली दिल्या. ती लाट पाहून २०१६ च्या सुमारास मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी प्रकाशकांनी आपल्या जुन्या वीरांचे रंग उतरवून त्यांना पुन्हा बाजारात उभे केले. एकदा रंगवून विकले, आता रंग काढून विकतात! एखाद्या धोब्यालाही ही युक्ती सुचली नसती.

शांती रेषेच्या आत असते, असे हे पुस्तक सांगते. मग वेताळाची गोष्ट ऐका. ली फॉकचा हा वेताळ १९३६ साली वर्तमानपत्रात आला, तो काळापांढरा. फॉकच्या मनात त्याचा वेष करडा होता. १९३९ साली रविवारचे रंगीत पान निघाले आणि छापणाऱ्यांनी त्याला जांभळा करून टाकले. पुढे तो स्वीडनमध्ये निळा झाला, इटलीत तांबडा. तरी वेताळ तो वेताळच राहिला, कारण त्याचा जीव रंगात नव्हताच. १९६४ ते १९९० पर्यंत निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे अंक मी बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उपसले आहेत. ते वाचून आम्ही काय केले? वहीच्या शेवटच्या पानावर आपापला वेताळ काढला. त्याचा घोडा गाढवासारखा दिसे आणि लांडगा थेट आमच्या गल्लीतल्या कुत्र्यासारखा. पण रेघ आमची होती! आणि लक्ष्मणांचा तो कॉमन मॅन? त्याच्या कोटावरच्या चौकड्या काळ्या शाईतच पुऱ्या झाल्या आहेत. तेथे आपण लाल-पिवळे काय भरणार?

आजाऱ्याचा किंवा कापऱ्या हाताचा या पुस्तकाने विरंगुळा होत असेल, तर जरूर व्हावा. त्याच्याशी माझे भांडण नाही. कोणी म्हणेल, गुरुजी, रांगोळीत तरी आपल्या आयाबहिणी रंगच भरतात ना? भरतात. पण माझी आई सडा घालून ठिपके मांडी, ते कसे जोडायचे हे रोज नव्याने ठरवी, आणि दुसऱ्या दिवशी सारे पुसून टाकी. आता दिवाळीत त्या जागी प्लॅस्टिकचे छाप आले आहेत. त्या छापाचे आणि या पुस्तकाचे गोत्र एकच.

खरे दुखणे निराळेच आहे. आमच्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून त्यांची नावे सर्वांच्या तोंडी असतात; चित्रकलेचा तास मात्र गणिताच्या पोटात जातो. असाच एक गिळलेला तास मी घेत होतो. वर्गातल्या पेटीत मीच माझे जुने अंक ठेवले आहेत. ते पाहून सातवीतला एक पोरगा त्रैराशिकाऐवजी वहीमागे वेताळ काढत बसला होता. मी त्याला उभा केला, वही काढून घेतली, चार शब्द सुनावलेही. ती वही घेऊन खोलीत येतो तो काय, सहकारी शांतपणे बॅटमन रंगवीत बसलेले! त्यांना कोणी उभे केले नाही. मला माझीच लाज वाटली.

दुपारी पोराला बोलावून वही परत दिली. वेताळ हिरवागार होता. विचारले, “का रे, हिरवा का?”

“सर, हिरवाच खडू उरला होता ना.”

सुटीनंतर वर्गात खडूंच्या पेट्या येतील. वर्गणीची यादी मी केली आहे आणि पहिले नाव त्या सहकाऱ्यांचे घातले आहे. त्यांच्याजवळ छत्तीस रंग आहेत.