बर्फाच्या पाण्यातले पहिले मिनिट

मे महिन्याच्या सुट्टीत हरिद्वार-ऋषिकेश किंवा कुलू-मनालीला गेल्यावर नदीकाठचा निळाशार डोह दिसला, की बच्चेकंपनीला आवरणे कठीण होते. बाबाही मागे नसतात. "आम्ही गावच्या विहिरीत सूर मारलेले, या छातीभर पाण्याचे काय!"

पण हे पाणी वितळलेल्या बर्फाचे. ते अंगाला लागताच माणूस एकदम मोठा श्वास ओढतो, धापा टाकतो. हे रोखणे कुणाच्याच हातात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले, तर नाकातोंडात पाणी जाते. म्हणून इथे सूर मारायचाच नाही. काठावर बसून आधी पाय भिजवा, मग हात, मान, चेहरा. श्वास संथ झाला की कमरेपर्यंत उतरा. कुणी घसरून पडलेच, तर हातपाय झाडण्याऐवजी उताणे होऊन तरंगत राहावे. एक-दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. बाहेर मात्र लवकर निघा. दहा-पंधरा मिनिटांत पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय बधिर होतात.

दुसरा धोका दिसत नाही. दुपारी बर्फ वितळते आणि सकाळी उघडा असलेला खडक संध्याकाळी पाण्याखाली जातो. वर धरण असेल, तर तेवढा वेळही मिळत नाही. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियास नदीतल्या खडकांवर हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोटो काढत उभे होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि २४ विद्यार्थी व त्यांच्या सहलीबरोबरचा एकजण वाहून गेला. तेव्हा उतरण्याआधी जवळच्या चहाच्या टपरीवर विचारा, पाणी कधी सोडतात? भोंगा वाजला किंवा पाणी गढूळले, की चपला शोधत बसू नका.

हर की पौडीवर साखळ्या आणि कठडे आहेत. साखळी धरून डुबकी मारण्यात कसला कमीपणा? लांब साडी, ओढणी घालून प्रवाहात जाऊ नये, पायांत गुंडाळते. बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच बदला आणि गोड चहा घ्या. हुडहुडी बरेचदा बाहेर आल्यावरच भरते.

कुणी वाहू लागले, तर मागोमाग उडी नको. गंगाजलासाठी घेतलेला प्लास्टिकचा कॅन झाकण घट्ट लावून, दोरी बांधून काठावर ठेवा आणि तोच फेका. भरायचा तो निघताना.