न मागितलेल्या कराची थकबाकी

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि सिडकोने वसविलेली खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही उपनगरे तिच्या हद्दीत आली. हद्द बदलायला एक अधिसूचना पुरली. नागरी सेवांचे हस्तांतरण मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात रहिवासी सिडकोला सेवाशुल्क भरीत होते. मग २०२१ मध्ये पालिकेने मालमत्ताकराची देयके धाडली, तीही थेट २०१६ पासूनच्या आकारणीसह!

पगारातून घराचे हप्ते फेडणारा शिक्षक वा कारकून, सेवाशुल्काच्या पावत्या हाती असताना, एका रात्रीत थकबाकीदार ठरला. जो कर मागितलाच नव्हता, तो थकला कसा? कर म्हणजे विशिष्ट सेवेचे मोल नव्हे आणि स्थापनेपासून करआकारणीचा आपणांस अधिकार आहे, हा पालिकेचा युक्तिवाद कायद्याला धरून असेलही. परंतु देयके काढण्यास जी चार-पाच वर्षे लागली, त्यांचा भुर्दंड नागरिकाने का सोसावा? त्याला विलंब झाला, की दरमहा दोन टक्के शास्ती; प्रशासनाच्या विलंबाला शास्ती नाही. सिडको आणि पालिका दोन्ही राज्याच्या नगरविकास खात्याच्याच छत्राखाली आहेत. घेतलेले सेवाशुल्क करातून वजा करून त्यांनी आपसांत हिशेब मिटविणे अशक्य नव्हते. तसे न होता नागरिकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढे २०२५ मध्ये शास्तीत सवलत देणारी योजना आली, आणि तिचे नाव ठेवले ‘अभय’. जणू अपराध रहिवाशांचाच होता!