किल्ल्याखालचे पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि माझा मित्र पहाटे साडेतीनला सांगवीहून मोटारसायकलवर निघालो. जुन्या महामार्गाने देहूरोड, वडगाव, कामशेत आणि तिथून डावीकडे पवनानगरचा रस्ता. थंडीने बोटे वाकत नव्हती. तिकोना पेठेला पोहोचलो तेव्हा अंधारच होता. बॅटरीच्या उजेडात गड चढलो. मित्राजवळ त्याच्या मामांचा उसना कॅमेरा, माझ्याजवळ मोबाइल. सूर्य उगवताना गडावरून पवनेच्या तळ्याचे छायाचित्र घ्यायचे, एवढाच हेतू होता.

छायाचित्र मिळाले, आणि खोटे कशाला बोलू, उत्तम मिळाले. सूर्य आमच्या पाठीमागून वर आला आणि तिकोन्याची त्रिकोणी सावली समोरच्या पाण्यावर पसरली. पलीकडे तुंगचा सुळका, उजव्या हाताला लोहगड, मध्ये धुक्याचा पातळ थर. खाली ढासळलेल्या तटाचा एक तुकडाही चौकटीत आला. मित्र म्हणाला, "महाराजांनी गडावरून हेच तळं पाहिलं असेल रे!" माझ्या अंगावर शहारा आला. त्या क्षणी मलाही ते शंभर टक्के खरे वाटले.

उतरल्यावर पायथ्याच्या एका टपरीवर चहा घेतला. टपरीवरच्या आजींना मी कौतुकाने मोबाइलवरचे चित्र दाखवले. त्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले. गड, सावली, धुके यांकडे त्यांचे लक्षच नव्हते. पाण्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हितं आमची खाचरं व्हती. आंबेमोहोर व्हायचा." मी विचारले, "आजी, कधी गेली?" त्या म्हणाल्या, "म्या लगीन होऊन आले, त्याच्या आदल्या साली."

इतिहास हा माझा विषय. परीक्षेत पुरंदरच्या तहावर मी पानभर लिहिले आहे. १६६५ साली मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत तुंग आणि तिकोनाही होते, हे मला पाठ होते. पण ज्या तळ्याकडे पाहून मला शिवकाळ आठवला, ते तळे पवना धरणाचे आहे आणि ते धरण १९७२ साली पुरे झाले, ही साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात आली नाही. तिकोन्यावरच्या पहारेकऱ्याने खाली पाहिले असेल, तेव्हा त्याला नदीचे पात्र, भातखाचरे आणि चुलींचा धूर दिसला असेल. किल्ला कित्येक शतकांचा असला, तरी तळे माझ्या वडिलांच्या वयाचे आहे. आपण मात्र दोन्ही एकाच चित्रात बसवून दोन्हींना सारखेच प्राचीन ठरवतो.

आमच्या एका सरांनी मला स्कॉटलंडमधल्या किलचर्न किल्ल्याचे चित्र दाखवले. पंधराव्या शतकातला हा किल्ला लॉख ऑ नावाच्या सरोवराच्या काठी पडक्या अवस्थेत उभा आहे, आणि पहाटे त्याचे चित्र घ्यायला दूरदूरचे लोक तिथे तिष्ठत बसतात. तो एके काळी जवळजवळ बेटावर होता. १८१७ मध्ये सरोवराची पातळी खाली आणली गेली आणि तो जमिनीला जोडला गेला. तिथे पाणी उतरल्यामुळे देखावा बदलला, आपल्याकडे पाणी चढल्यामुळे. फरक इतकाच की आपल्याकडे चढलेल्या पाण्याखाली माणसांची शेते होती.

मावळाला हे नवे नाही. शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो आपण निदान वाचतो. पवनेचे काय? बदली जमिनीसाठी पवना धरणग्रस्तांच्या फेऱ्या, अर्ज, मोर्चे यांच्या बातम्या पन्नास वर्षे येत राहिल्या. आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी, धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी न्यायच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्यांत एक स्त्री होती. मी तेव्हा लहान होतो, मला काही आठवत नाही. पण ती योजना आमच्या शहरासाठी होती, हे मला आता विसरता येत नाही.

कारण हे पाणी आम्हीच पितो. पवना मुळेला मिळते त्या टोकाशी आमची जुनी सांगवी आहे. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि ते आमच्या नळाला येते. शहरात २०१९ च्या नोव्हेंबरात एक दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हापासून घरातल्या पिंपांचा हिशेब आईकडे आहे. पावसाळ्यात विसर्ग वाढला की याच धरणाचा निरोप आमच्या नदीकाठच्या घरांना येतो, सामान माळ्यावर चढवा म्हणून.

ते चित्र मी घरी दाखवले. वडील रात्रपाळी करून आले होते, म्हणाले, "एवढ्या थंडीत डोंगरावर? झोप जास्त झाली काय?" आईने मात्र चित्र नीट पाहिले आणि विचारले, "धरण भरलेलं आहे ना अजून?" आई चौथीपर्यंत शिकली आहे. छायाचित्रणावर व्याख्यान देणाऱ्या पाहुण्यांनी आम्हाला प्रकाश, रेषा, समतोल शिकवला होता, तो मला उपयोगीही पडला. पण त्या चित्रात पाणी किती आहे, हे पाहणारी आई पहिली, आणि ते पाणी कोणाच्या शेतावर आहे, हे सांगणाऱ्या आजी त्याहून पहिल्या.

मित्र माझ्यावर चिडला आहे. तो म्हणतो, "प्रत्येक सुंदर चित्राखाली दुःखाची चिठ्ठी चिकटवायची का? मग ताजमहालाचंही चित्र काढू नकोस!" त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सकाळचे ते ऊन खरे होते, आमचा आनंद खरा होता, आणि मी पुन्हा जाणार आहे. माझी तक्रार सौंदर्याविषयी नसून आम्ही केलेल्या निवडीविषयी आहे. काठावरचे तंबू येऊ नयेत म्हणून आम्ही तीनदा जागा बदलली. धरणाची भिंत येऊ नये म्हणून कॅमेरा डावीकडे वळवला. विजेचा खांब मित्राने घरी बसून पुसून टाकला. जे जे आजचे, ते ते आम्ही काढत गेलो आणि उरलेल्याला 'निसर्ग' म्हटले. मग ते पाणी माणसाने आणले, हे पाहणाऱ्याला कळायचे कसे?

किल्ल्यांचेही यात भले होत नाही. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण गडाखालच्या खोऱ्याला वगळून गड समजत नाही. तिकोना पवन मावळावर नजर ठेवायला होता. ज्या मावळावर नजर ठेवायची, त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हासुद्धा त्या गडाच्याच इतिहासातला भाग आहे. आमच्या सहलींत प्राध्यापक मंडळी तट, दरवाजे, टाकी दाखवतात. कधी तरी त्यांनी आम्हाला धरणाच्या भिंतीपाशीही अर्धा तास उभे करावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

संपादक मंडळाने आमचे चित्र यंदाच्या मुखपृष्ठासाठी निवडले, याबद्दल मी आभारी आहे. त्याखाली छापायला त्यांनी 'शिवकालीन वैभवाची पहाट' असा मजकूर सुचवला होता. मी दुसरा लिहून दिला : 'तिकोन्याची सावली, पवना धरणाच्या पाण्यावर. धरण १९७२. पाण्याखाली भातखाचरे.' मंडळातल्या एका ताईंना तो फार रुक्ष वाटला. यावर अजून निर्णय झालेला नाही. अंक हाती येईल तेव्हा वाचकांना कळेलच.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर उघडे पडते. वर्षातले कित्येक महिने ते पाण्यात असते. मे महिन्यात तिथे जायचे ठरवले आहे. उन्हात चित्र चांगले येणार नाही, असे मित्र म्हणतो, पण पेट्रोलचे अर्धे पैसे द्यायला तयार झाला आहे. आजींनाही विचारले आहे. पाणी पुरते हटले तर खाचरांचे बांध दिसतात का, ते त्या येऊन दाखवणार आहेत.