फंडा क्लिअर आहे का, बॉस?

बीबीए करणाऱ्या कुणालाही विचारा, 'लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे काय?' व्याख्या फाडफाड येईल. मग विचारा, 'माल बोटीवर चढला आणि घेणारा फिरला, तर पैसे कोण देणार?' इथे अनेकांची गाडी अडते. (कागदपत्रं अटींप्रमाणे असतील, तर बँक!)

दोष पोरांचा नाही. परीक्षेत मार्क व्याख्येला मिळतात, मग डोकं कोण चालवणार? आणि पुस्तकातली उदाहरणं असतात न्यूयॉर्क-जिनिव्हाची. 'इंटरनॅशनल' म्हणजे लांबचं काहीतरी, हा समज तिथेच पक्का होतो.

खरं तर छत्रपती संभाजीनगरहून साधारण शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याला, या विषयाचं अख्खं प्रॅक्टिकल उभं आहे. सुरुवात तिकीट खिडकीपासून करा. २०१८च्या दरवाढीत भारतीयांचं तिकीट ४० रुपये झालं आणि परदेशी पाहुण्यांचं ६००. एकच लेणी, दोन भाव. पण नेपाळी पाहुण्याला भारतीयांचाच दर, कारण सार्क आणि बिमस्टेक देशांना सवलत आहे. प्रादेशिक गटाचा फायदा आणखी कसा समजावणार?

पुढचा धडा कर्जाचा. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पासाठी १९९२ आणि २००३ अशा दोन टप्प्यांत जपानने कर्ज दिलं, तेही येनमध्ये. कमाई रुपयांत, फेड येनमध्ये. आता येन महागला तर काय होईल? विनिमय दराची जोखीम हीच.

आत लेणे क्रमांक २ मध्ये सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवलीय. त्यात भर समुद्रात संकटात सापडलेलं जहाज आहे. सागरी विमा का लागतो, ते बघून कळतं. आणि पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचे गोमेदासारखे दगड आणि तेरचं कापड भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. पैठणहून भडोचला वीस दिवस! वाहतूक खर्चाचं गणित मांडा म्हणावं.

कॉलेजच्या सहली इथे येतातच. फोटोंसोबत अशी चार गणितंही सुटली, तर नोकरीच्या पहिल्या महिन्यात धांदल उडणार नाही. आणि मंडळी, तुमच्या ऑफिसात नवा फ्रेशर आला, की त्याला व्याख्या विचारू नका. 'येन महागला तर?' एवढंच विचारा.

जायचा बेत असेल तर एक टिप: सोमवारी लेणी बंद असतात.